आपोआप फुगणारी ट्यूब आणि आत्याचा डोळा

आमच्या निरगुडसरकडच्या शेतकऱ्याला कुठूनही फुस्स असा आवाज आला की त्याचा हात आधी खिशात जातो. खिशात जुन्या सायकलच्या ट्यूबची कापलेली रबरी पट्टी असते. ठिबकची नळी गळाली, बांध पट्टी. मोटारीचा पाइप सांध्यात पाझरतोय, बांध पट्टी. फवारणीचा पंप पाठीवर औषध ओकतोय, बांध पट्टी आणि वर मार गाठ. माझ्या चष्म्याची डावी काडीसुद्धा याच पट्टीवर तग धरून आहे. भोक कशाचं, नवीन पडलं की मुळातच होतं, असल्या चौकशा आम्ही करत नाही. पाणी असो की हवा, बाहेर चाललेली दिसली की आमचा जीव खालीवर होतो.

हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं जे झालं त्यात माझ्या अकलेचा वाटा किती आणि मुलखाचा किती, हे तुम्हाला ठरवता येईल.

उन्हाळ्याच्या तोंडावर जुन्नरला शेतीचं प्रदर्शन भरलं होतं. मी गेलो कांदा निवडायचं यंत्र बघायला आणि परत आलो मोटारसायकलची ट्यूब घेऊन. साधी ट्यूब नव्हे, आपली आपण हवा भरून घेणारी. विकणाऱ्यानं एक ट्यूब कापूनच ठेवली होती. तिच्या पाठीवरून एक बारीक नळी गोल फिरवलेली. चाक फिरलं की जमिनीचा दाब त्या नळीवर पडतो, नळीतली हवा पुढं ढकलली जाते आणि ट्यूबमध्ये शिरते. चाक फिरतंय तोवर हवा भरतेय.

"विसरा पंप भाऊ! गाडी चालली की हवा भरली!"

मी अक्षरशः आ वासून उभा राहिलो. आयुष्यभर ज्या हवेसाठी फाट्यापर्यंत गाडी ढकलत नेली, ती बया रस्त्यावरच फुकट बसली होती? विकणारा आणखी बरंच काही सांगत होता. व्हॉल्व्हच्या बुडाशी एका बारीक भोकावर बोट ठेवून तर तो फार तळमळीनं बोलला. पण तेवढ्यात शेजारच्या स्टॉलवाल्यानं फवारणीचा ब्लोअर चालू केला. मला नुसते ओठ दिसत होते. मी मान डोलावली. माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे या मान डोलावण्यातून जन्मले आहेत.

फाट्यावरचा पंक्चरवाला माझा जुना मित्र. ट्यूब बघून त्यानं कपाळाला हात लावला. "म्हणजे तू माझ्या पोटावर पाय द्यायला आलास व्हय?" असं म्हणाला खरा, पण मागच्या चाकात बसवताना माझ्यापेक्षा तोच जास्त हरखला होता. चार दिवस गाडी झकास चालली. मग व्हॉल्व्हच्या बुडाशी त्याच भोकातून आवाज यायला लागला. गाडी थांबवली की फुस्स. थोडं थांबून पुन्हा फुस्स.

पंक्चरवाल्यानं कान लावला, मीही लावला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"लीक हाय," तो म्हणाला.

"नव्या मालात?"

"नवाच माल लीक असतोय राव. जुन्याची भोकं आपन बुजवलेली असत्यात."

 माझा हात खिशात गेलाच होता. "आवळून बांध," तो म्हणाला. मी आवळून बांधली. आवाज बंद. गाडी मारून परत आलो तर टायर टणक. बोटानं वाजवला तर टकटक वाजला. आम्ही चहा मागवला आणि नवीन तंत्रज्ञान आपल्याकडं आल्याशिवाय पुरं होत नाही, या विषयावर बराच वेळ बोललो.

दुसऱ्या दिवशी मला आत्याला आणायला तळेघरला जायचं होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडलांची धाकटी बहीण. डिंभ्याच्या धरणात आमचं गाव गेलं तेव्हा वडील खाली निरगुडसरला आले. आत्याला आधीच तळेघरच्या बाजूला दिलेली होती, ती तिथंच भात-नाचणीत राहिली. आम्ही ठिबकवाले झालो, ती पावसावर राहिली. अंगानं काटक, जिभेनं त्याहून काटक. आजारपण तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिच्या डोळ्याचं कळलं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच धक्का बसला.

कळलं तेही असं. ती उन्हात नाचणी पाखडत होती. डाव्या डोळ्यात कुसळ गेलं म्हणून तिनं तो डोळा मिटून चोळला, आणि भर दुपारी अंधार झाला. तिला वाटलं ढग आला. डोळा उघडला तर ऊन. मिटला की अंधार. उजवा डोळा कधीच गेलेला होता. कधी गेला ते तिलाही ठाऊक नव्हतं. ना दुखला, ना खुपला. एका डोळ्याच्या उजेडावर ती किती दिवस दोन डोळ्यांची म्हणून वावरत होती कोण जाणे.

मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. त्यांनी मला समजावलं ते असं: डोळ्यात आतून पाणी झरत असतं आणि एका बारीक वाटेनं ते निघून जात असतं. आत्याची ती वाट बुजत चालली आहे. पाणी झरायचं थांबत नाही, म्हणून आत दाब वाढतो आणि मागची नस दबून मरते. उजवा गेला तो गेला. डाव्यात थेंब टाकूनही दाब उतरत नाही, तर त्याला बारीक वाट करून द्यावी लागेल.

"चांगल्या डोळ्याला भोक?" आत्यानं एवढंच विचारलं आणि ती उठून बाहेर जाऊन बसली.

त्यानंतर मी किती वेळा वर जाऊन तिला समजावलं त्याला गणती नाही. पाणी निघायला वाट पाहिजे, वाट नसेल तर दाब वाढतो, दाब वाढला की नुकसान, हे मी इतक्या तऱ्हांनी सांगितलं की माझं मलाच कौतुक वाटायला लागलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आधी तुज्या डोळ्याला पाड. तुला दिसलं तर मंग मी येते."

शेवटी ती यायला तयार झाली, पण नाही म्हणायला. डॉक्टरीणबाईंनी एवढी चौकशी केली, त्यांना निरोपावर नकार कळवणं तिला बरं वाटेना. नकार समोर जाऊन द्यायचा. तोही रिकाम्या हातानं नाही, म्हणून तिनं नाचणीची पिशवी भरली. मी म्हटलं, चला, मंचरपर्यंत तर येतेय. तिथं पोचल्यावर बघू. डाव्या डोळ्याला किती दिवस उरलेत हे डॉक्टरीणबाई सांगू शकत नव्हत्या, आणि आत्या यानंतर पुन्हा खाली येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

नाचणीची पिशवी मागच्या चाकाजवळ बांधली. आत्या एका बाजूला पाय सोडून बसली. निघालो.

"गाडी लई दणकं देती," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"रस्ता खराब आहे आत्या."

"रस्ता त्योच हाय. येष्टी न्हाई असली दणकत."

मी रस्ता करणाऱ्यांना दोन शिव्या घातल्या आणि विषय संपवला. डिंभं मागं पडलं. ऊन तापलं, डांबर तापलं. घोडेगावच्या अलीकडं एक रसवंती दिसली तेव्हा आत्याच्या कमरेला आराम म्हणून थांबलो. गाडी उन्हात स्टँडला लावली. रसवाला ओळख नसताना बोलका निघाला, म्हणून मी त्याला ट्यूबची हकिगत सांगायला घेतली. माझी नेहमीची खोड. नुसती सांगून भागलं नाही, तर त्याला हाताला धरून गाडीपाशी चार पावलं नेलंही.

"बघा, दगड आहे दगड. पंप नाही, काही नाही, आपोआ—"

पुढचं अक्षर मी उच्चारलं की नाही, मला आठवत नाही.

फाट्!

असा आवाज मी त्याआधी फक्त खाणीच्या सुरुंगाचा ऐकला होता. गाडी स्टँडवरून उडून आडवी झाली. पिशवी फाटली आणि नाचणी आभाळात गेली. झाडावरचे कावळे एकदम उठले. रसवाला "आयला, सिलिंडर!" म्हणून उसाच्या मोळीमागं पडला. रस प्यायला बसलेले दोघं टेबलाखाली. मी कानांवर हात ठेवून तसाच उभा, तोंड उघडं, आणि त्या उघड्या तोंडात वरून नाचणी पडतेय.

मग आवाज बंद झाला. माझ्या कानात नुसती शिट्टी. मी वळून आत्याकडं बघितलं.

आम्ही सगळ्यांनी कान झाकले होते. आत्यानं डावा डोळा झाकला होता. दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, मान खाली घालून, बाकड्यावर ती गच्च आवळून बसली होती. मी जवळ गेलो तरी हात काढेना.

"आत्या, लागलं का काय?"

"काय फुटलं?" तिनं हाताआडून विचारलं.

"टायर. नुसता टायर फुटला."

"डोळा हाय का?"

 मी तिचे हात धरले आणि हळूच बाजूला केले. डोळा होता. पाण्यानं भरलेला, लाल, पण होता. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या डोक्यावरची नाचणी बघितली आणि म्हणाली, "आन इकडं."

फाटलेली ट्यूब रिमच्या बाहेर लोंबत होती. रसवाल्याच्या कोयत्यानं कापून मी ती आणून दिली. आत्याला बारीक दिसत नाही, ती बोटांनी बघते. फाटलेल्या कडेवरून तिची बोटं फिरत फिरत व्हॉल्व्हपाशी आली आणि पट्टीवर थांबली.

"ही कुणी बांधली?"

"मी."

"का म्हून?"

"तिथनं हवा निघत होती."

 त्याच क्षणी मला उमगलं की विकणारा त्या भोकावर बोट ठेवून काय सांगत होता. जास्तीची हवा सोडायची वाट होती ती. आणि इतके महिने आत्यापुढं वाट, दाब, नुकसान अशी प्रवचनं झोडणारा मीच. ज्यानं आत्याच्या डोळ्याला भोक पाडा म्हणून उंबरे झिजवले, त्यानंच ट्यूबचं भोक दिसताक्षणी गाठ मारून बुजवलं होतं. उसाच्या मोळीमागून बाहेर आलेला रसवाला माझ्याकडं बघत होता. मी खाली बसून नाचणी गोळा करायला लागलो.

"राहू दे ती. पाखरं खातील," आत्या म्हणाली. "जीप बघ मंचरची."

गाडी रसवाल्याकडं ठेवून आम्ही जीपनं मंचरला गेलो. आत्यानं नाचणीऐवजी फाटकी ट्यूब त्याच फाटक्या पिशवीत घातली होती, आणि दवाखान्यात गेल्या गेल्या ती डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर, तपासायच्या यंत्राशेजारी ठेवली. बाई दचकून खुर्चीसकट मागं सरकल्या.

"हे काय आजी?"

"ह्यानं वाट बुजवली व्हती. मंग फुटली. माजा डोळा बी असाच फुटंल का?"

मला वाटलं, आता बाई हो म्हणतील आणि आपलं काम होईल. मी मागून मानही हलवली. पण बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी ट्यूब बाजूला केली आणि आत्याचा हात हातात घेतला.

"नाही आजी. असा आवाज नाही होत. हा रोग आवाज करून सांगतच नाही, तेच तर वाईट आहे. उजवा गेला तेव्हा ऐकू आलं होतं का तुम्हाला काही?"

 टायरच्या आवाजानं आत्या जितकी दचकली नव्हती, तितकी या न होणाऱ्या आवाजानं दचकलेली मी तिच्या तोंडावर बघितली. नाही म्हणायला आलेल्या माणसाचं तोंड राहिलं नव्हतं ते.

"जे गेलं ते येणार नाही," बाई म्हणाल्या. "आहे ते राखायचं."

"पाडा भोक," आत्या म्हणाली. मग माझ्याकडं बोट दाखवून, "पर ह्याला आत येऊ देऊ नगा. बुजवून टाकील."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. त्यानंतर चुलीचा धूर नको, वाकायचं नाही, म्हणून आत्या आमच्याकडं निरगुडसरला राहिली. आजाऱ्याला बघायला माणसं बिस्किटाचे पुडे घेऊन यायची आणि डोळ्याचं विचारायची. आत्या काळा चष्मा लावून पडवीत बसायची आणि ट्यूबचं सांगायची. तिच्या सांगण्यात पहिल्या दिवशी गाडी आडवी झाली होती. आठवड्यानं मी रसवंतीच्या पत्र्यावर पडलो होतो. पंक्चरवालाही येऊन गेला. त्यानं हकिगत ऐकून माझ्याकडं असं बघितलं, जणू "आवळून बांध" हे शब्द त्यानं जन्मात उच्चारले नव्हते.

दिसायला मात्र सगळं धूसर होतं. बाईंनी तसं होईल म्हणून सांगितलं होतं, तरी आत्या सकाळी उठून भिंतीकडं तोंड करून बसली की मी मोटार बघायच्या निमित्तानं शेताकडं निघून जायचो. आपण भरीला घातलं आणि होता तोही गेला तर? हे मी बायकोलाही बोललो नाही. तिला न बोलताच कळलं होतं. ती म्हणाली, "अहो, निदान त्या चष्म्याची पट्टी तरी सोडा आता, बघवत नाही."

तपासणीला मंचरला गेलो, बसनं. बाईंनी आत्याची हनुवटी यंत्रावर ठेवली, निळा दिवा लावला. मी दारात उभा होतो.  बाईंनी एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. त्या पुन्हा बघण्यात मी मेलो.

"उतरलाय दाब," त्या म्हणाल्या. "चांगला उतरलाय. डोळा वाचला आजी."

 मी दाराला धरायला गेलो, दार उघडंच होतं, ते माझ्यासकट मागं गेलं आणि मी बाहेर बाकड्यावरच्या पेशंटांच्या पायांपाशी जाऊन बसलो. नर्स पाणी घेऊन धावली. बाई खुर्चीतून उठल्या.

आत्यानं यंत्रावरची हनुवटी काढली, मान वळवली, चष्म्याविना त्या एका डोळ्यानं माझ्याकडं बारकाईनं बघितलं.

"ऊठ रं लेका," ती म्हणाली. "रडतोयस काय? मला दिसतंय."