मसाजीमामाच्या हाका

“न्हाई म्हणजे न्हाई. उद्या शाळेच्या मैदानाकडं पाय बी टाकायचा न्हाई तुमी.”

“अगं, मी अजून व्हय म्हणलो का?”

“न्हाई तरी कुठं म्हणलाव? ही पोरगी आली आन् गप बसून राहिलाव. तुमचं गप बसणं ठावं हाय मला.”

‘ही पोरगी’ म्हणजे मी, रागिणी. शिरड शहापूरला मसाजीमामांच्या ओसरीवर, सत्यभामामामींनी आदळलेला चहा हातात धरून बसले होते. शाळेत मुलींच्या फुटबॉलला नव्या पोरींनी नावं दिली होती. उद्या त्या मैदानावर जमणार होत्या. मामा आले नाहीत तर यंदापासून संघ बंद. शिकवणारं दुसरं कुणी नव्हतंच. मी मामांच्या पहिल्या संघातली, म्हणून विचारायला शाळेनं मला धाडलं.

मामा मेंढरं राखतात. सिद्धेश्वरच्या धरणाकडं कळप चारायला नेला की तिथल्या कॉलनीतली माणसं फुटबॉल खेळायची, तो कुंपणाबाहेरून बघून बघून शिकले. आम्ही वस्तीवरच्या पोरी शाळा सुटल्यावर एसटीची वाट बघत बसायचो. एक दिवस म्हणाले, “बसून काय मिळतंय गं? चला, पळा.”

चेंडू मात्र दिला नाही. आधी मेंढरं दिली! हातात काठी न घेता अख्खा कळप बांधाच्या फटीतून पलीकडं न्यायचा. आम्ही मागं धावलो की मेंढरं चहूकडं पांगायची आणि मामा कपाळाला हात लावायचे. “मागं काहून पळून राहिल्या? ते कुठं वळणार ते बघा. तिथं आधी जाऊन हुबं राहा.” चेंडू हाती आला तेव्हा आम्हाला मैदानातल्या मोकळ्या जागा आपोआप दिसायला लागल्या होत्या.

मैदानावर नावानं हाक मारायची नाही. नाव समोरच्या संघालाही कळतं. म्हणून कळपातल्या म्होरक्या मेंढीला असते तशी प्रत्येकीला वेगळी हाक. पहिल्याच सामन्यात मामांनी हाका दिल्या आणि शेजारच्या शेतात बसवलेला त्यांचाच कळप उठून थेट मैदानात! त्यांनी मेंढरांच्याच हाका आम्हाला वाटून दिल्या होत्या. पंच शिट्टी फुंकून दमला. गोलात उभी पुनम ओरडत होती, “मामा, ह्ये बी गोल मोजायचे का?”

त्यानंतर मामांनी आमच्यासाठी नव्या हाका घडवल्या. मी ‘ट्रुऽऽवी’. एकीची हाक पुढं दुसरीला कधीच नाही. मेंढी गेली की तिची हाक तिच्यासोबत गेली, ही त्यांच्या घरातली रीत.

“मामी, एकच वर्ष येऊ द्या त्यांना,” मी म्हटलं.

“तू शिकायला भाईर गेलीस, बरं झालं. बाकीच्या कुठं हाईत? कोमल कुठं हाय?”

कोमल आमच्याच संघातली. मी कप खाली ठेवला.

“कळमनुरीला दिली. जिल्ह्याच्या सामन्याच्या आदल्या हप्त्यात. ह्ये दुपारभर तिच्या बापाच्या दारात बसले. तर बाप म्हणला, मामा, अक्षता टाकायला या.”

“गेलतो की,” मामा म्हणाले. “टाकल्या अक्षता.”

“आन् तवापून माळावर एकटेच कोमलची हाक देत्यात. मेंढरं बिचारी मान वर करून बघत्यात.”

“तोंडाला सवय हाय गं.”

“सवय न्हाई ती. थकलाव तुमी. दर वरसाला लेकरं जमवायची, जीव लावायचा, आन् दर वरसाला अक्षता टाकायच्या. बराबर हाय का न्हाई?”

मामा तळहातावरची तंबाखू मळत राहिले. मळून झाली तरी मळतच राहिले.

“मामा,” मी म्हटलं, “नव्या पोरींत एक हाय. कुणी शिकवलं न्हाई, तरी मोकळ्या जागेत आधी जाऊन उभी राहते.”

त्यांनी मान वर केली. “कुणाची?”

“गोजरबाईची नात.”

“कितवीत हाय?”

“नववीत.”

“नववीत,” मामा पुटपुटले. मान पुन्हा खाली गेली. “म्हणजे एकच वरीस. मंग तिच्या बी अक्षता.”

“बघा,” मामी म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात भांडण उरलं नव्हतं.

चहावर साय धरली होती. “मामा, पोरी उद्या वाट बघतील. मी त्यांना काय सांगू?”

गुडघ्यावर हात देऊन मामा सावकाश उठले. खुंटीवरची घोंगडी खांद्यावर टाकली, पायात चपला सरकवल्या आणि आम्हा दोघींकडं न बघता बाहेर निघून गेले. थोड्या वेळानं माळावरून त्यांची हाक ऐकू आली; कोमलची नाही, माझीही नाही, आजवर कधी न ऐकलेली.