गिरणीवाल्या शांतलिंगची ‘घरघर’

मुरुम गावच्या पेठेत शांतलिंगची पिठाची गिरणी कुठं आहे असं विचारलं, तर माणसं हात करून दाखवत नाहीत. “कान द्या, आपोआप सापडंल,” म्हणतात. सहा दिवस दगडांचा आवाज येतो. सोमवारी मोटार बंद असते, तेव्हा त्याहून मोठा येतो. सोमवारी तिथं शांतलिंग ड्रम वाजवतो.

तो ज्या बँडमध्ये वाजवतो त्याचं नाव ‘घरघर’. नाव ठेवलं तेव्हा अख्खी पेठ हसली होती. “आरं, घरघर लागली म्हंजी माणूस जातो! चांगलं नाव न्हाय मिळालं व्हय?” त्याला आता पंचवीस वर्षं झाली. हसणारे बरेचजण गेले, घरघर चालूच आहे.

ह्या संगीताला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. म्हणजे काय, तर ढगफुटीसारखे ड्रम, कानात करवत चालावी तशा गिटारी आणि पोटाच्या तळातून गुरगुरत वर येणारा आवाज. शिवाय एकेक गाणं बारा मिनिटांचं, त्यात ताल चारदा बदलतो. पहिल्या घासाला लावलेलं गाणं ताकाचा पेला येईस्तोवर संपत नाही.

शांतलिंगला ते कुठं भेटलं, तर सोलापूरच्या वसतिगृहात. आयटीआय करत होता. खोलीतल्या एका पोरानं कसलीशी विलायती कॅसेट लावली, बाकीचे कानांत बोटं घालून पळाले. हा तिथंच मांडी घालून बसला. त्याला वाटलं, ही तर आपली गिरणी! त्याच्या बापाच्या गिरणीचा पट्टा दोनदा तुटून दोनदा शिवलेला. दोन सांध्यांमधलं अंतर सारखं नव्हतं, म्हणून चाकावर एक ‘टक’ तीनावर पडायची अन् दुसरी चारावर. तीन आणि चार, सात. लहानपणापासून हा सातांचा ताल कानात बसलेला. गावाकडं येऊन त्यानं पहिलं काय केलं असेल, तर तेलाचे रिकामे डबे उलटे मांडले आणि तो ताल वाजवला. बाप म्हणाला, “पट्टा बदलीन म्हणत होतो, आता राहू दे.”

गिटारीला टीव्ही दुरुस्त करणारा वीरप्पा आला, मागोमाग त्याचा धाकटा भाऊ. स्पीकर वीरप्पानंच बांधले. आणि गायला आला बलभीम.

बलभीम आडतीवर मापाडी. धान्य मोजताना त्याचा आवाज बाजार समितीच्या ह्या टोकाचा त्या टोकाला जायचा. मापाडी मोजायला लागला की ‘एक’ म्हणत नाही. पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणतो. शकुन असतो तो. गाणं सुरू करताना मोजून द्यायचं असतं, तर पहिल्याच दिवशी बलभीमच्या तोंडून सवयीनं निघालं, “लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात!” सगळे हसले, पण गाणं असं उठलं की त्यानंतर घरघरचं एकही गाणं ‘एक’वर सुरू झालं नाही. पुणं झालं, बेंगळुरू झालं, तीन अल्बम झाले. शिलाँगला तर मराठीचा गंध नसलेली हजारभर पोरं ‘लाभ, दोन, तीन’ म्हणून ओरडत होती. बलभीम परत आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हरभरा मोजायला उभा राहिला.

सगळीकडं बोलावणं आलं, फक्त मुरुमनं कधी बोलावलं नव्हतं. ते यंदा आलं. आडत्यांनी आणि हमालांनी मिळून सांगितलं, “पंचवीस वर्षं झाली म्हणं. आता आमच्या शेडात वाजवा. आडत बंद असंल त्या दिवशी, दुपारी चारला.” शांतलिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. पीठ गेलं म्हणाला.

पण त्याला एक गोष्ट माहीत होती, ती त्यानं दोन महिने पोटात ठेवली होती. दगड गुळगुळीत झाला की गिरणीवाल्याला पीठ बघावं लागत नाही, आवाजावरून कळतं. मग मोटार थांबवून दगडाला टाकी लावायची, छिन्नीनं पुन्हा खरबरीत करायचा. बलभीमचा आवाज तसा घसरत होता. पंचवीस वर्षं आठवडाभर मोजणी, सोमवारी गुरगुर. शेवटी एका सोमवारी तो गाता गाता खाली बसला, आणि शांतलिंगला बोलावंच लागलं.

“बलभ्या, सोलापूरला दाखवून येऊ.”

दाखवलं. डॉक्टर म्हणाले, बोला, हळू मोजा, पण पुन्हा असं गुरगुरलात तर बोलणंही जाईल.

परतीच्या एसटीत बलभीम उमरग्यापर्यंत तिकिटाची घडी घालत, उलगडत होता. मग म्हणाला, “दगडाला टाकी लावतूस न्हवं? माझ्या नरड्याला लाव की.”

“तुझ्या नरड्याचं पीठ करून बसू व्हय?”

“मग शेडात कोण गाणार? तुझा बाप?”

त्यानंतर बलभीम गिरणीवर आलाच नाही. दळणसुद्धा दुसरीकडं टाकायला लागला. शांतलिंगला गाणं बुडायची भीती होतीच, पण हे दळणाचं जास्त लागलं.

गाणारी भेटली ती एसटीतच. उमरगा-मुरुम गाडीवर श्रीदेवी कंडक्टर आहे, सव्वीस वर्षांची. गाडीत ऐंशी माणसं, वर टपावर पोती, आणि ती मागच्या दारातून न ओरडता म्हणाली, “सरका पुढं, मामा, पुढं काय वाघ बसलाय का?” आवाज सरळ ड्रायव्हरच्या पाठीत. शांतलिंग स्टॉप आला तरी उतरला नाही.

“बाई, गाणं म्हणता का?”

“आज्जीनं कन्नड वचनं गायला शिकवलीत, अण्णा. तिकीट काढलंय का पुढचं?”

ती यायला लागली, ड्यूटी सांभाळून. पण तीन सोमवार झाले तरी गाडी रुळावर येईना. बलभीमसारखी गुरगुरायला जायची आणि ठसका लागायचा. वीरप्पा म्हणाला, “शांत्या, कार्यक्रम नको म्हणून सांगू या. गावात लाज जाईल.” कार्यक्रमाला नऊ दिवस राहिले होते.

त्याच तंद्रीत शांतलिंगनं आयुष्यात न केलेली चूक केली. ज्वारी दळून काढली आणि त्याच दगडांवर धुरपदाबाईचा गहू थेट ओतला. धुरपदाबाई पंच्याहत्तरीची, जीभ विशीची.

“मुडद्या! ज्वारीवर गहू घालतूस अन् पयली मूठ काढंनास? तुझ्या बापानं हेच शिकवलं का?”

धान्य बदललं की आधी नव्या धान्याची एक मूठ टाकायची. दगडात राहिलेली ज्वारी आणि नवा गहू त्या मुठीत मिसळून बाहेर येतात. ते पीठ बाजूला काढलं, की मग गहू गव्हासारखा पडतो. शांतलिंगनं मोटार बंद केली. हात पिठात तसेच. आपण श्रीदेवीला बलभीमच्या दगडात तशीच ओतली! ना जुन्याला निघायला वाट दिली, ना नवीला तिची होऊ दिली.

“मावशी, तुमचं दळण फुकट.”

“फुकट न्हाय, नीट पायजे!”

नीट दळून देऊन तो तसाच, पांढऱ्या भुवयांनी, आडतीवर गेला. बलभीम हळू आवाजात सोयाबीन मोजत होता. सव्वीस म्हणून थांबला.

“काय?”

“गाऊ नको. मोज.”

“मोजतोयच की.”

“शेडात मोज. पोरगी तुझ्यावानी गाणार न्हाय, तिच्यावानी गाईल. पण पयली मूठ तुझी. ‘लाभ’ तू म्हणल्याशिवाय म्या काठी उचलणार न्हाय. तू आला न्हाईस तर चार वाजता मी हात बांधून बसंन, अन् गाव बघंल.”

बलभीमनं काट्यावर पुढचं पोतं ओढलं. मग पोत्याकडं हात करून म्हणाला, “सत्तावीस. जा, गिऱ्हाईक खोळंबलं असंल.”

कार्यक्रमाच्या सोमवारी शेड भरलं. हमाल पोत्यांच्या थप्प्यांवर चढून बसले. धुरपदाबाई पहिल्या रांगेत, कानांत कापूस घालून. पावणेचार झाले. श्रीदेवी माइकपाशी उभी. शांतलिंगच्या काठ्या मांडीवर. चार वाजले. वीरप्पानं मान हलवली, सुरू कर म्हणून. शांतलिंगनं काठ्यांना हात लावला नाही.

शेडाच्या मागच्या बाजूनं बलभीम आला. इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळाला भस्म. स्टेजवर चढला, श्रीदेवीच्या शेजारी उभा राहिला, आणि त्या चिरलेल्या आवाजात म्हणाला, “लाभ.”

काठ्या उठल्या. दोन. तीन. चार. पाचावर आवाज फाटला, सहा निघालाच नाही. पण शेडातल्या मापाड्यांना मोजणी अर्धी सोडायची सवय कुठाय? “सहा! सात!” सगळं शेड गरजलं. श्रीदेवीनं तोंड उघडलं. गुरगुर नव्हती, सरळ मोकळा सूर होता, आणि तो पत्र्याला जाऊन लागला. हमालांचे पाय आपोआप तीनावर आणि चारावर पडायला लागले. बलभीमचा हात श्रीदेवीच्या पाठीवर होता. गाणं संपलं तेव्हा तो खाली उतरला नाही. दुसऱ्या गाण्याला कुणी सांगायच्या आत त्यानं लोकांकडं बोट केलं, आणि लाभापासून सातापर्यंत सगळं गावानं मोजलं.

मंगळवारी सकाळी गिरणी उघडली तर पायरीवर बलभीमचा दळणाचा डबा रांगेत पहिला. दुसरा धुरपदाबाईचा, आणि ती स्वतः शेजारी बसलेली.

“कसं वाटलं, मावशी?”

धुरपदाबाईनं कानातला कापूस काढला. रात्रभर तसाच राहिला होता.

“आवाज लई. पर दळण बारीक आलं बघ.”