बरोबरी

मी तेरा वर्षांची असताना बुद्धिबळासाठी मला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. अकोल्यात बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. पत्रात मात्र एक अट होती: वर्षभरात खेळ घसरला, तर मदत बंद. ते वाक्य मला पाठ झालं. पटासमोर बसलं की तेच आठवायचं.

अमरावतीच्या स्पर्धेत शेवटच्या डावात माझ्याकडे एक हत्ती जास्त होता. समोरची मुलगी माझ्याहून लहान. तरी आता काही चुकेल या भीतीनं मीच तिला बरोबरी देऊ केली. तिनं चकित होऊन लगेच हात मिळवला.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर आलं, तसे बाबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "जितत होती म्हणे ना तू? बरोबरी कावून केली वं?"

"मले भेव लागते, बाबा. शिष्यवृत्ती गेली तं?"

"मलेबी लागते," ते हळूच म्हणाले. "तुहा डाव सुरू झाला का मी दूर रस्त्यावर जाऊन उभा राह्यतो."

बाबाही घाबरतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

पुढच्या स्पर्धेतही भीती वाटली, पण डाव मी शेवटपर्यंत खेळले आणि कशीबशी जिंकले. शिष्यवृत्ती टिकली. भीती गेली नाही. फक्त ती आता बाबांना सांगता येत होती.