जाहिरातीतला तिबुर्सियो

तिबुर्सियोच्या हाकेला हाक कसली म्हणायची, गाणंच ते. बाकीचे ताहोवाले "ताहोऽ" म्हणून ओरडतात आणि मोकळे होतात. आमचा तिबुर मात्र "ता"वर दम घ्यायचा, मग आवाज चढवत न्यायचा आणि शेवटचा "होऽऽ" असा अलगद खाली सोडायचा की अंथरुणातल्या माणसाच्याही तोंडाला पाणी सुटावं. खांद्यावर कावड. एका डब्यात सोयाबीनचा मऊ, गरम ताहो, दुसऱ्यात गुळाचा पाक आणि साबुदाणा. ताहोवाला कुणाचं दार वाजवत नाही, तशी रीतच नाही. त्याने हाक द्यायची आणि आपण पेला घेऊन बाहेर यायचं.

तो मूळचा समार बेटावरचा. तरुणपणी इथे अँतिपोलोला आला तेव्हा चर्चमध्ये गाणाऱ्यांत उभं राहायची त्याला फार हौस. पण हा एकटाच सगळ्यांच्या वर ऐकू येतो म्हणून मास्तरांनी त्याला काढून टाकलं. "बरं झालं," तो म्हणायचा, "आता अख्खी टेकडी माझी."

आमची वस्ती म्हणजे नुसत्या पायऱ्या. त्यांच्या मधोमध माझं दुकान, आणि दुकानाच्या वर भाड्याने राहायची चारितो. खाण्याच्या जाहिरातींना चाली लावणं हा तिचा धंदा. एके सकाळी तिबुर माझ्या दुकानापुढे कावड टेकत होता, तेवढ्यात ती केस न विंचरताच खाली धावत आली.

"कुया," थोरल्या भावाला मारावी तशी तिने तिबुरला हाक मारली, "ही चाल कुणाची?"

"कुणाची म्हणजे? माझ्या घशाची!"

"एका कंपनीला कपातल्या ताहोच्या जाहिरातीसाठी नवंकोरं संगीत हवंय. ऐकताच भूक लागली पाहिजे म्हणतात. मी इथे डोकं फोडून घेतेय आणि तुम्ही रोज फुकट वाटत फिरताय! देता मला?"

"चाल ने की. पण गाणार मीच."

मी म्हटलं, "अरे येड्या, स्वतःच्या पोटावर पाय देतोयस."

"आते पुरिता," तो म्हणाला, आते म्हणजे आमच्याकडे ताई, "फ्रिजमधला गार ताहो कोण खाणार? उलट टीव्हीवर मला ऐकून लोकांना माझीच आठवण येईल."

जाहिरात लागली तेव्हा सगळी वस्ती माझ्या दुकानापुढे जमली होती. मागे गिटार, मधे पोरांचा कोरस, पण आवाज अस्सल तिबुरचा. त्याची बायको सिद्रा तर तोंडावर पदर धरावा तसा टॉवेल धरून रडली. खोटं कशाला बोलू, गाणं झकासच होतं. जीपनी गाड्यांत बसलेले लोक गुणगुणायचे, चर्चमध्ये प्रसादाच्या रांगेतसुद्धा. आणि कप खपायला लागले. मीही विकायला ठेवले.

मग एक दिवस तिबुर माझ्यासमोर येऊन कावड टेकून बसला. चेहरा पांढरा.

"आते, मी पलीकडच्या लुमेनच्या फाटकाशी उभा राहून हाक दिली. आतून ती पोरीला काय म्हणाली माहितीय? टीव्ही बारीक कर."

मला हसू आलं आणि लगेच विरलं. घराघरात दिवसभर टीव्ही चालू, त्यातून याचाच आवाज, हीच हाक. लोकांनी बाहेर यायचं तरी कसं ओळखून? खालच्या नव्या भाडेकरणीने तर कहरच केला. "कुया, जाहिरातीची नक्कल काय करता? स्वतःचं काहीतरी गा की!"

त्याने चाल बदलून पाहिली. जमेना. "घसा वळतच नाही गं," म्हणाला. घंटी वाजवून पाहिली, तर पोरं आइस्क्रीम समजून धावत आली आणि तोंड वाकडं करून परत गेली. शेवटी तो पुन्हा आपल्याच चालीवर आला आणि भरलेली कावड घरी नेऊ लागला.

त्या सकाळी जाहिरात जरा जास्तच लागत होती. एकदा, परत, परत. पलीकडून लुमेन ओरडली, "मेल्यांना आज दुसरं काही दाखवायला नाही का!" मी चॅनल बदललं. तरी ऐकू येतच होतं, म्हटलं शेजारच्यांचा असेल.

आणि वीज गेली.

पंखे थांबले, सगळे टीव्ही गपकन बंद पडले. वस्ती कशी चिडीचूप झाली. आणि त्या शांततेत खालून आलं, "ताऽऽहोऽऽ".

लुमेन दारात येऊन माझ्याकडे बघत राहिली. मग आम्ही दोघी धावलो.

खालच्या वळणावर तिबुर आडवा पडला होता. कावड मोडलेली, पायऱ्यांवर पांढरा ताहो पसरलेला आणि त्यावर माश्या. माश्या बसेपर्यंत माणूस तिथे पडून होता! अर्धा चेहरा लोंबत होता.

"कुया, काय झालं? कुठे दुखतंय?" लुमेनने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

त्याने जीव एकवटून तोंड उघडलं. निघालं तेच. एक सूर इकडचा तिकडे नाही. डोळे मात्र भीतीने फाटलेले. तो मदतीला बोलावत होता, केव्हापासून कोण जाणे, आणि आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं होतं.

डॉक्टर म्हणाले, पक्षाघाताच्या झटक्यात बोलणं गेलंय, पण गाणं मेंदूत वेगळ्या जागी असतं, ते राहतं कधीकधी. माझा विश्वास बसेना. अजून बसत नाही. पाणी हवं, तीच हाक. कूस बदलायची, तीच हाक. चारितो येऊन त्याच्या पायाशी बसून रडली. कंपनीला सांगून पाहिलं म्हणाली, पण जाहिरात जोरात चाललीय, ते बंद कशाला करतील?

परवा मी सिद्राकडे मासे निवडायला बसले होते. शेजारच्या घरातून गिटार वाजली, मागोमाग ती हाक. सिद्रा हातातली सुरी टाकून उठली.

"बस गं," मी म्हटलं, "जाहिरात आहे."

ती आतल्या खोलीकडे धावतच म्हणाली, "आणि नसली तर, आते?"