सात मिनिटं

बोंडअळीच्या साली आमच्या घरात दोन माणसं रडकुंडीला आली होती. गावी, वरवट बकालला बाबा, पऱ्हाटी म्हणजे कपाशी किडली म्हणून. आणि बुलढाण्याला मी, सर्व्हर पडायचा म्हणून.

नुकसानीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. त्यासाठी एका सरकारी कार्यालयात फॉर्म चालवणारा सर्व्हर मीच बसवला होता आणि तो सांभाळायचं कंत्राटी कामही माझंच. मशीन जुनं, मेमरी तुटपुंजी. अकरा वाजले की गावोगावच्या सेंटरवर लोक फॉर्म उघडायचे आणि सर्व्हर मान टाकायचा. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून विचारायचे, "आज तरी चालेल का?" मेमरी वाढवून मागितली तर म्हणाले, बघू.

मग मी शहाणपणा केला. उघडलेल्या प्रत्येक फॉर्मसाठी सर्व्हर मेमरीत जागा धरून ठेवतो आणि अर्धा तास हालचाल दिसली नाही तर सोडून देतो. त्या अर्ध्या तासाची मी सात मिनिटं केली. दुसऱ्या दिवसापासून सर्व्हर एकदाही पडला नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

सर्व्हरच्या लेखी हालचाल म्हणजे पान भरून बटण दाबणं. ते पान भरत बसलेला माणूस आणि उठून चहाला गेलेला माणूस त्याला सारखेच. हे मला पाठ होतं. सर्व्हर स्वतःच्या नोंदी ठेवतो त्या लॉगमध्ये रोज 'मुदत संपली' अशा ओळींचा ढीग पडायचा. डिस्क भरायला लागली, तेव्हा मी तो न वाचता पुसून टाकला.

अर्जांची शेवटची तारीख उलटल्यावर गावी गेलो. खुंटीला बियाण्याच्या रिकाम्या पाकिटांची पिशवी लटकत होती. बीटीचं पाकीट आमच्याकडे कोणी फेकत नाही. बियाणं बोगस निघालं तर पुरावा हवा. अर्जात प्रत्येक पाकिटावरचा लॉट नंबर भरायचा होता, सगळे एकाच पानावर. बाबांची पाकिटं नऊ.

"अर्ज भरला न बाबा?"

"कायचा भरला! तीन दिवस गेलो सेंटरवर. तिथली बाई बिचारी टाइप करे, मी चष्मा लावून एकेक आकडा सांगो. अक्षरं बारीक, त्यात पुसलेली. आखरीचं पाकीट भरून बटन दाबलं का सारं पान कोरं. तिन्ही दिवस तसंच."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"तुले काय सांगू? बाई म्हने, मशीन तं चालू हाये. मंग मले वाटलं, आपलाच हात हळू." मग त्यांचा चेहरा उजळला. "पन तुह्यं मशीन एक दिवसबी बंद नाही पडलं. रांगेतल्या साऱ्या लोकाइले सांगतलं म्या, माह्या पोराचं काम हाये."

भरपाईच्या यादीत आमचं शेत आलं नाही. रांगेतल्या आणखी किती जणांचं आलं नाही, ते सांगणाऱ्या ओळी मीच पुसल्या होत्या. सात मिनिटांचं मी बाबांना आजवर सांगितलेलं नाही. भित्रा आहे मी, दुसरं काही नाही.

तेव्हापासून कुठल्याही खिडकीशी नंबर लागला की बाबा बाजूला सरकतात आणि मागच्याला पुढे करतात. म्हणतात, "तुम्ही घ्या आटपून. मी हळू हाओ."