सोकिंगला ठेवलेला जोड

पातळ पत्रा बिघडला तर लगेच तोंडावर सांगतो. जाड प्लेट मात्र मोठी लबाड. वरून गुळगुळीत दिसते आणि दोन दिवसांनी आतून तडकते. बॉयलर आणि वाफेच्या टाक्या जोडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, पण जोड थंड होईपर्यंत जीव कधी थाऱ्यावर राहिला नाही.

मोबाइल नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. फुलचूरच्या पुढे एका उकड्या तांदळाच्या मिलमध्ये वाफेच्या टाकीला नवी जाड नळी बसवायची होती. माझी मोठी बहीण त्याच मिलमध्ये धान वाळवायला जायची. टाकी आणि बायांचं अंगण यांच्यात साधी भिंतही नव्हती.

प्लेट आधी बर्नरने तापवली, मग वेल्डिंगने जोड भरला. असा जोड काही वेळ गरमच ठेवावा लागतो. त्याला आम्ही सोकिंग म्हणतो. मी मिलच्या माणसाला म्हटलं, "मंद आच चालू ठेवा, सोकिंगला राहू द्या. डबा खाऊन येतो."

परत आलो तर बर्नर बंद, जोडावरून पाणी ठिबकतंय आणि तो हातात पाइप धरून खुशीत उभा.

"सोकिंग झालं जी! मस्त भिजवलं."

मिलमध्ये सोकिंग म्हणजे धान पाण्यात भिजत घालणं. त्याचं काय चुकलं? पण तेव्हा माझं डोकं असं फिरलं, की तोंडाला येईल ते बोललो. तापलेल्या जाड लोखंडावर गार पाणी म्हणजे ते काचेसारखं ठिसूळ होणार.

चीर असेल तर तिच्यात शिरून ती दाखवणारा लाल रंग लावून तपासलं. चीर दिसली नाही. मालक म्हणाला, "साफ तो है! हौदात धान भिजून राहिलं, आंबलं तर वास मारेल. शाम को स्टीम छोडो." मी नाही म्हटलं. आज नसलेली चीर उद्या येते, हे त्याच्या गळी उतरेना. मी टाकीभोवती येरझाऱ्या घालत राहिलो. मग अंगणात जाऊन बहिणीला हळूच म्हटलं, "दोन दिवस कामावर येऊ नको."

"काऊन?"

टाकी फुटू शकते, हे सांगितलं. तिने हातातलं फावडं खाली ठेवलं आणि धान पसरणाऱ्या बायांकडे पाहिलं. "मंग या बायायले बी सांगून येऊ का?"

मी सरळ ग्राइंडर उचलला आणि जोड कापायला घेतला. मालक ओरडत होता, मी ऐकत नव्हतो. थराथराला थांबून रंग लावत होतो, पुसत होतो, पुन्हा घासत होतो. कुठेतरी चीर सापडावी असं मला आतून वाटत होतं, खोटं कशाला सांगू. पार तळाशी पोचलो, तरी एक रेघ निघाली नाही.

"निकला कुछ?" मालकाने विचारलं. हौदातल्या धानाचा आंबूस वास आता सगळ्यांनाच येत होता. बायांचं काम थांबलं होतं, त्या टाकीजवळ येऊन उभ्या राहिल्या. मी मान खाली घालून बसलो होतो.

बहीण पुढे आली. "काई निघालं का गा?"

"काही नाही," मी चिडून म्हटलं.

"मंग बरं झालं ना. तोंड पाडून कायले बसला?"