दलालकाका आणि हवेची डबी

एसीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं, माणूस बसल्यावर त्याचं नाक जिथे येतं त्या उंचीवर भिंतीला डबी लावावी. मी पुस्तकाच्या शब्दाबाहेर न जाणारा माणूस. सुरतेच्या कापडबाजारातल्या त्या पेढीवर सगळे गादीवर बसतात, म्हणून मीही मांडी घालून बसलो, नाकाशी पेन्सिलीची खूण केली आणि तिथेच डबी ठोकली. लोडाच्या बरोबर वर.

डबीचं काम सोपं. माणसं वाढली, श्वासांनी हवा कोंदली, की तिने एसीला कळवायचं आणि एसीने झडप उघडून बाहेरची हवा आत घ्यायची. आमच्या कंपनीचं हे असलं पहिलंच काम. साहेबांनी बजावलं होतं, "चाललं तर तू कायम. शेठने काढायला लावलं, तर डबीबरोबर तूही घरी."

मे महिना. दुसऱ्याच दिवशी शेठचा फोन. "अल्या, तारुं मशीन तो भट्टी छे!"

जाऊन बघतो तर पेढीत माणसं चार आणि झडप सताड उघडी, जणू आत लग्नाचं वऱ्हाड बसलंय. बाहेरची झळ थेट शेठच्या टकलावर. मी गॅस तपासला, वायरी काढून पुन्हा जोडल्या, झडपेची मोटर खोलली. घामाने शर्ट पाठीला चिकटला. त्यात लोडाला टेकलेले दलालकाका तोंड मिटायला तयार नाहीत. "भाई, एना करतां पंखो सारो!" माझ्या एसीपेक्षा पंखा बरा म्हणे!

शेवटी काका चहाला उठले. थोड्या वेळात झडप मिटली, पेढी गार झाली. मी खूश. काका परतले, टेकले, कुणाच्यातरी मोडलेल्या सोयरिकीची कथा रंगवू लागले, आणि झडप घुर्रकन उघडली. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. काकांचं तोंड आणि डबी यांत जेमतेम वीतभर अंतर! तिच्या लेखी एकटे काका म्हणजेच वऱ्हाड.

"काका, जरा पलीकडे बसता का?"

शेठ म्हणाले, "काका मारा बापुजीना वखतथी त्यां बेसे छे. काका नहीं खसे. डबी खसेड!"

काकांऐवजी डबी हलवली. छताजवळच्या, हवा परत ओढणाऱ्या जाळीमागे नेऊन बसवली. काका बोलत राहिले, पेढी गार राहिली, मी कायम झालो. फक्त शेठने साहेबांना फोनवर सांगितलं, की माणूस तुमचा मेहनती आहे, पण बिघाड सापडला तो आमच्या काकांमुळे.

काका लोडावरूनच ओरडले, "मुळे नहीं, में शोध्यो, एम बोल!"